लोखंडी जिन्यावरचं धुकं

अंबडच्या आमच्या कारखान्यात काल कोरियाहून मशीन आलं. लाकडी खोकं फोडलं, ओल्या पाइनचा वास सुटला आणि मला तिथला पाइनने भरलेला डोंगर आठवला.

मी कोरियात ट्रेनिंगला होते तेव्हा एका सुट्टीत सोराकसानच्या डोंगरावर एकटीच गेले. आमच्या इथल्या त्रिरश्मी बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढलेली. वाटलं, डोंगर म्हणजे एवढंच. उतरताना लोखंडी जिन्यावर धुक्याने गाठलं. पायऱ्यांच्या जाळीखालची दरी दिसेनाशी झाली, त्यामुळे जास्तच भीती वाटली. वाऱ्याने जिना थरथरायचा. पाय पुढे पडत नव्हते. कठड्याला बिलगून मी पुटपुटू लागले, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’

मागून आलेली एक म्हातारी थांबली. ‘बुद्धं’ तेवढं तिला कळलं असावं. तिने माझा हात धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणू लागली. दोघी पुटपुटत एकेक पायरी उतरलो.

हे ऐकून कारखान्यातले शिंदे खोक्याचे खिळे उपसता उपसता म्हणाले, “म्हणजे म्हातारीनेच उतरवलं तुम्हाला.”

इतकी वर्षं मीही तेच सांगत आले. पण काल त्या वासात तिचा चेहरा नीट आठवला. उतरताना तिचे डोळे घट्ट मिटलेले होते; पायऱ्या बघत होते ती मीच.