भरमूच्या धडावरचा चेहरा

टिळकवाडीतले निवृत्त शिक्षक केशवराव हेरेकर हे शब्दाचे पक्के म्हणून ओळखले जात. हौशी नाटकांत त्यांनी आयुष्यभर बापाच्या भूमिका केल्या आणि लेक बहुधा जवळच्या हिंडलगा गावचा भरमू असे. सकाळी शेत, दिवसा कारखाना आणि संध्याकाळी तालीम, असा त्याचा क्रम. निपाणीत चित्रीकरण झालेल्या एका चित्रपटात दोघे बापलेक म्हणूनच निवडले गेले, तेव्हा कोणाला नवल वाटले नाही.

बापाने लेकाच्या खांद्यावर रडायचे, असा त्यात एक प्रसंग होता. कॅमेऱ्यापुढे केशवरावांना काही केल्या रडू येईना. तेव्हा संहितेत नसतानाही भरमूने, बुजलेल्या बैलाला गोंजारावे तसा, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि केशवरावांचा बांध फुटला.

पुढे डबिंगसाठी केशवराव एकटेच पुण्याला गेले, तर पडद्यावर भरमूच्या धडावर मुंबईच्या एका नामांकित नटाचा चेहरा! निर्मात्याला मोठे नाव हवे होते. नटाने हिरव्या पडद्यापुढे एकट्यानेच काम केले होते. बाकीचे संगणकाने जुळवले.

"काय जमलंय सर तुमचं दोघांचं!" संकलक कौतुकाने म्हणाला. त्या नटाला केशवरावांनी प्रत्यक्ष कधी पाहिलेही नव्हते.

"भरमूला तेवढं तुम्हीच सांगा," दिग्दर्शकाने विनवले. केशवरावांनी होकार दिला, सांगितले मात्र नाही. भरमू भांडला तर तो प्रसंगच कापतील, आपले रडणे वाया जाईल, ही भीती त्यांनी स्वतःपाशीसुद्धा कबूल केली नाही.

पहिल्याच खेळाला भरमू टेम्पो भरून माणसे घेऊन आला. केशवराव त्याच्या शेजारीच बसले. दिवे मालवेपर्यंत सांगता आले असते.

"अवो, कुठं हाईसा तुमी?" त्याची बायको नागुबाई सारखी विचारत होती.

"येतोय गं, दम काढ की."

तो प्रसंग आला. आसपास हुंदके ऐकू येऊ लागले. भरमूने पडद्याकडे पाहिले, मग केशवरावांकडे. केशवरावांनी मान वळवली नाही.

बाहेर येताच भरमूचा मेहुणा खिदळला, "दाजी, लई भारी टोपी घातलीसा आमास्नी! आता डिझेल तरी तुमीच भरा."

तेव्हा कुठे केशवरावांना वाचा फुटली. "तो भरमूच आहे. चेहरा मागाहून बदलला. मी रडलो ते याच्याच खांद्यावर. मला सगळं ठाऊक होतं."

मग नागुबाईने हात जोडले. "लई मोठं मन हाय सर तुमचं. आमच्या मालकांची लाज राखायलासा."

"अहो, खरं सांगतोय मी!" केशवरावांचा आवाज चढला. मेहुणा तोंड फिरवून हसला.

भरमूने त्यांना दंडाला धरून बाजूला घेतले. "ऱ्हाऊ द्या सर. आता कुणाला पटायचं न्हाय. काल जरी सांगितलं असतंसा, तरी ही माणसं आणली नसती मी."

एवढे बोलून तो टेम्पोकडे निघून गेला. केशवराव तिथेच उभे राहिले. एका अनोळखी बाईने येऊन त्यांना नमस्कार केला.

"बापलेक अगदी सख्खे वाटले हो!"

"धन्यवाद," केशवराव सवयीने म्हणाले.