खुंटीवर उरलेला कोयता

जव्हार संस्थानच्या शाळेत मी कारकून होतो. पाड्यांवरची मुलं रानवाटेसाठी कोयते आणत. शाळेत हत्यार न्यायचं नाही, असा नियम होता. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी ते खुंट्यांना टांगून ठेवी आणि सुटताना ज्याचा त्याला अचूक देई.

एकदा शाळा सुटल्यावर एक कोयता उरला. मी टिपण दाखवलं, "एकेचाळीस आले, एकेचाळीस गेले. लाव कुलूप."

"भाऊसाहेब, तुमच्या कागदातलं पोर घरी गेलं. माझं आत हाय!" तो धावलाच. मीही मागोमाग!

शेवटच्या वर्गात तापाने फणफणलेला मुलगा बाकामागे निजला होता. घ्यायला आलेला कुणाचा तरी भाऊ मी जाणाऱ्या मुलांत मोजला होता. म्हाताऱ्याने मुलाला पाठीवर घेतलं.

"वाटंला बिबट्या हाय. कोयता तुमी घ्या."

मुलाच्या पाड्यापर्यंत, जामसरपर्यंत, कोयता घेऊन मी पुढे चाललो.