मामाचे डबे, माझं पत्रक

धाकट्या मामाने मला आजवर जेवढी लाज आणली आहे, तेवढी रायगड जिल्ह्यातल्या सगळ्या पुढाऱ्यांत सारखी वाटली असती, तर आमच्या संघटनेला कामच उरलं नसतं. हे मी रागाने लिहीत नाही. पत्रकं लिहून लिहून माझी भाषाच अशी झाली आहे. सकाळी दूध नासलं तरी मला ‘जाहीर निषेध’ म्हणावंसं वाटतं. पण मामाचा निषेध कसा करायचा हे मला कुठल्याच मोर्चात कुणी शिकवलं नाही.

माझं आजोळ गव्हाणचं. विमानतळासाठी जमिनी गेल्या आणि गावात पैसा आला, तेव्हा लोकांनी जे करायचं तेच केलं. एकाने एवढी मोठी गाडी घेतली की ती त्याच्या स्वतःच्या आळीत शिरत नाही, नाक्यावर उभी असते आणि मालक तिच्यापर्यंत स्कूटरवरून जातो. थोरल्या मामाने बंगला बांधला आणि त्याला बाहेरून अशा फरशा लावल्या की पावसात तो धुतलेल्या न्हाणीघरासारखा चकाकतो. धाकट्या मामानेही घर बांधलं, पण त्याचा वरचा मजला त्याने जुन्या संगणकांना दिला. नव्या नव्हे, जुन्याच. पिवळट पडलेली कॅबिनेटं, पोट सुटलेले मॉनिटर, माश्यांनी घाण केलेले कीबोर्ड. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, “लोकांच्या वरच्या खोल्यांत भाडेकरू ऱ्हातात, आमच्या खोल्यांत डबे ऱ्हातात. पंखा पन त्यांनाच पयला.”

या वेडाची सुरुवात उरणकडच्या एका कंटेनर यार्डात झाली. मामा तिथे गेटवर गाड्यांची नोंद करायला होता. एक दिवस ऑफिसात नवे संगणक आले आणि मामाच्या टेबलावरचा जुना उचलून शेडबाहेर ठेवला गेला. मामाने तो रिक्षात घालून घरी आणला. मामीने विचारलं, हे काय? तर म्हणाला, “इतकी वर्सं आमी दोघांनी एका टेबलावर ड्यूटी केली. मना पगार भेटत ऱ्हायला नि त्याला उन्हात ठेवला. असा कसा टाकू?” मग एकट्याला करमणार नाही म्हणून दुसरा आला. त्यानंतर तालुक्यात कुठे ऑफिसचं रंगकाम निघालं की मामा चुन्याच्या वासावर तिथे हजर होऊ लागला.

तो त्यांना कंपनीच्या नावाने हाक मारत नाही. जो जिथून आला ते त्याचं नाव. एक पतपेढी, एक शाळा, एक दवाखाना, आणि पनवेलच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आलेला एक सायबर, ज्याच्यावर मामाचा कधीच विश्वास बसला नाही. “आज पतपेढी गरम झालीय,” असं तो जेवताना म्हणतो आणि नव्या पाहुण्यांना वाटतं, ठेवी बुडाल्या. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड शाळेच्या खोडरबराने घासायची, फुंकर मारायची, पुन्हा बसवायची, आणि बटण दाबताना डोळे मिटायचे, ही त्याची पूजा. एखाद्या जुन्या डब्यात नवी वेगवान डिस्क बसली की तो खाली येऊन जाहीर करतो, “दवाखाना आता जिना पलत चढतो!” यातलं काही विकायचं नसतं की कुणाला दाखवायचं नसतं. पडदा उजळला, अक्षरं उमटली, की मामा त्यावर एक ओळ टाइप करतो, ‘मी चालू आहे’, आणि पुढच्याकडे वळतो.

लाजेचे प्रसंग सांगायचे तर हे पान पुरणार नाही. माझ्या मामेभावासाठी कोन गावात मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, थोरला मामा शेतीवाडीचं विचारू लागला, आणि धाकटा मामा गुडघ्यांवर बसून टीव्हीच्या टेबलाखाली वाकला. मुलीच्या वडिलांना वाटलं यांचं काही पडलं. मामा तिथूनच म्हणाला, “सोयरे, याचा पंखा वाजत असंल ना?” सोयरीक जमली नाही. पण परतीच्या वाटेवर गाडीत त्यांच्या टेबलाखालचं जुनं कॅबिनेट मामाच्या मांडीवर होतं आणि तो त्याला खड्ड्यांपासून सांभाळत होता.

दुसऱ्या एका वेळी त्याने गच्चीवर ब्लोअर लावून एका डब्याची वर्षानुवर्षांची धूळ उडवली. पलीकडच्या गच्चीत शेजारच्या आजीने बोंबील वाळत घातले होते. सगळे बोंबील काळे. आजी कठड्याशी येऊन ओरडली, “मेल्या, बोंबलाला मशेरी लावलीस काय रं?” मामाने खाली जाऊन तिचे पाय धरले आणि ते सगळे बोंबील स्वतः विकत घेतले. महिनाभर त्या घरात कालवणाला ऑफिसची चव होती.

आता माझं काम सांगते. आम्ही पाच-सहा जण पनवेल-उलव्याच्या बाजूला ई-कचऱ्याविरुद्ध चळवळ करतो. खाडीकाठी वायरी जाळून तांबं काढतात, त्याचा काळा धूर आम्ही पाहिलाय, त्याचा वास घरी येऊन केसांतून जात नाही. हा प्रश्न खरा आहे, त्यावर मी अजूनही ओरडणार. पण माझ्यासारखीने असा विषय घ्यावा आणि तिच्या सख्ख्या मामाने घरात असा मजला थाटावा! पनवेलला भाजी मार्केटसमोर माझी पहिली चौकसभा होती. ‘जुनी यंत्रं घराबाहेर काढा’ असं मी घसा ताणून सांगत होते, आणि लोकांनी आणून टाकलेल्या ढिगातून मामा एक कीबोर्ड वर धरून म्हणाला, “बाय, एक मिनिट थांब. यो चांगला हाय, नुसती साखर सांडलीय.” लोक हसले. आमच्या संघटनेच्या ताईंनी मला नंतर बाजूला घेतलं. “तुमच्याच घरातून सुरुवात करता आली असती, नाही?” त्या दिवशी मामा मला घरी सोडायला निघाला, तर मी त्याच्या स्कूटरवर बसले नाही.

मग गव्हाणची मोहीम ठरली. रविवारी गावात टेम्पो येणार, लोकांनी आपला ई-कचरा द्यायचा. पत्रक माझ्याकडे. मी एका बैठकीत लिहिलं आणि मधोमध जाड अक्षरांत ओळ टाकली: ‘जुना संगणक घरात ठेवणारा माणूस शेजारच्या लेकराच्या श्वासात विष कालवतो!’ ताई म्हणाल्या, झकास. मलाही झकासच वाटली. खरं तर बंद असो वा चालू, टेबलावर ठेवलेला संगणक कुणाच्या श्वासात काही कालवत नाही. तो फोडून जाळला तर कालवतो. हे मला माहीत होतं. पण खरी ओळ लांब होती आणि तिला उद्गारचिन्ह शोभत नव्हतं. आमच्या पोरांनी ते पत्रक गव्हाणात दारोदार चिकटवलं. मामाच्याही दाराला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आमच्या आजोळी छापलेल्या कागदावर कुणी वाद घालत नाही. शेतात भात उभं असताना एक नोटीस आली होती, की ही जमीन तुमची नाही. लोक हसले होते. शेत डोळ्यांसमोर हाय, मग कागद काय करणार? कागदाने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तोंडी बोलणं हसण्यावारी न्यायचं आणि छापलेलं गुमान मानायचं, हा तिथला कायदा. आणि शेजारच्या आजीची नात, इवलीशी पोर, सारखी खोकते. तिच्या औषधाच्या फवाऱ्याचा आवाज मामाच्या वरच्या मजल्यावर ऐकू येतो.

त्या पोरीच्या खोकल्याचं मला काही ठाऊक नव्हतं. मामीचा फोन आला. “तुजा मामा वर दारं-खिडक्या बंद करून बसलाय. दाराच्या फटीत ओली फडकी कोंबलीत. आजीकडं चा प्यायला जात नाय. मी इचारलं तर बोलतो, कुठल्या तोंडानं जाऊ?” मी म्हटलं, रविवारी येतेच आहे, समजावते. मनात म्हटलं, चला, मजला रिकामा होईल. हे माझ्या मनात आलं होतं, ते इथे लिहून ठेवते.

रविवारी टेम्पोच्या दुसऱ्या खेपेबरोबर गावात पोचले, तर मामाच्या अंगणात डबे रांगेने उभे. प्रत्येक पुसलेला, वायर गुंडाळून सुतळीने बांधलेली, कीबोर्डची अक्षरं घासून लख्ख. लग्नाला निघालेल्या पोरांसारखे दिसत होते. आमच्यातला एक जण म्हणाला, “अरे, हे तर नवीन आहेत!” टेम्पोची पहिली खेप मी यायच्या आधीच गेली होती, त्यात पतपेढी आणि शाळा गेले होते. मामाने स्वतःच्या हाताने चढवले म्हणे. तो पायरीवर बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता.

“मामा, हे काय केलंस?”

“तू लिवलंस ना.”

“अरे, ते तसं नाही. घरात असले तर काही होत नाही. फोडून जाळले की मग धूर होतो, त्याचं…”

“मग तसं का नाय लिवलंस?”

मी चौकात कुणालाही उत्तर देते. आमदाराच्या माणसांनाही दिलेलं आहे. इथे मी दाराला चिकटलेल्या पत्रकाची कड नखाने खरवडू लागले. तेवढ्यात शेजारची आजी कठड्याशी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती सगळं ऐकत होती. “काय बोलतो यो? माज्या पोरीला याच्या डब्यानं खोकला?” तिने उलव्याच्या दिशेला हात केला, जिथे इमारतींवर इमारती उभ्या राहताहेत आणि दिवसभर धूळ तरंगत असते. “आक्खा गाव खोकतो त्या धुलीनं. डाक्टर पन तेच बोलला. तुज्या डब्याला कोन इचारतो रं मेल्या! माजे बोंबील खराब केलेस, तेवडंच तुजं पाप.”

कुणीतरी हसलं. मामा हसला नाही. “मावशे, पन छापलंय,” एवढंच म्हणाला.

मी टेम्पो थांबवला. चढवायला घेतलेले डबे खाली ठेवायला लावले. ताई म्हणाल्या, “एका माणसासाठी पत्रक खोटं ठरवणार का तू? सगळ्या गावासमोर?” मी म्हटलं, पत्रक खोटंच आहे. मोठ्याने म्हटलं, कारण हळू बोलायची मला सवय नाही. आयुष्यात प्रथमच माझा आवाज मला नको इतका मोठा वाटला. दारोदार फिरून मी ती ओळ फाडली. पण दारांना खळ घट्ट बसली होती, कुठे ‘विष’ उरलं, कुठे ‘लेकराच्या’.

डबे पडवीतच राहिले. वर न्यायला मामा तयार होईना. “तोंडी नको,” म्हणाला. “तू नवीन छाप. छापून येऊ दे, मग बगू.” संध्याकाळी मी फोनवर मजकूर लिहायला बसले, तर त्याने दवाखान्याची वायर सोडली, पडवीतल्या बोर्डात पिन लावली आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. पडदा उजळायला वेळ लागला. मी टाइप करू लागले. मामा माझ्या बाजूला उभा राहून एकेका शब्दाखाली बोट धरून वाचत होता.

“‘भयंकर’. म्हंजे किती?”

“पुष्कळ.”

“तू मोजलंस?”

“नाही.”

“मग काड.”

मी काढलं. ‘विषारी राक्षस’ काढला. ‘गुन्हेगार’ काढला. शेवटी उरलं ते एवढंच, की चालणारा संगणक घरात ठेवायला हरकत नाही, बंद पडलेला उघड्यावर जाळू नका, आम्हाला कळवा. उद्गारचिन्ह एकही नाही. असलं पत्रक चौकात कुणी हातात घेणार नाही, हे मला दिसत होतं. मामाने ते पुन्हा एकदा सावकाश वाचलं आणि मान हलवली. “ह्ये बरोबर हाय.”

पलीकडे आजी नातीला हाका मारत होती. मामीने चहाचे पेले ठेवले आणि उंबऱ्यातच थांबली. मामा पडद्याकडे बघतच म्हणाला, “बाय, पयल्या खेपेला ते दोघं गेले. ते आता फोडले असतील ना?”

तोंडावर आलेलं मी गिळलं. बघते, विचारते, कदाचित अजून तसेच असतील, असलं काहीतरी होतं ते. मी म्हटलं, “हो.”

“हां,” तो म्हणाला. पुढे वाकून त्याने संगणक रीतसर बंद केला, आतला पंखा पूर्ण थांबेपर्यंत कॅबिनेटवर हात ठेवून राहिला, आणि मग चहा घेतला.