पाण्याच्या कोपऱ्यातलं कार्ड

ओल्या स्पंजचा वास आला की नुंगंबाक्कमच्या विशेष शाळेतला वीस वर्षांपूर्वीचा माझा वर्ग आठवतो. वर्गात चार कोपरे होते: पाण्याचा, चिंचोक्यांचा, चित्रांचा आणि उशांचा. आपल्या फोटोचं कार्ड मूल ज्या कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवी, तिथे ते खेळे. आठ वर्षांची एक न बोलणारी मुलगी मात्र वर्षभर कार्डाला शिवली नव्हती. तिचं कार्ड आम्हीच, मी आणि वर्गातली आया, रोजच्या तक्त्याप्रमाणे लावायचो. एका सकाळी तिची आई तिचं नाव शाळेतून काढायला आली. “टीचर, स्वतःहून काहीच करत नाही ही. मग घरीच राहू दे की.” थोडे दिवस थांबा, असं मी विनवत होते, तेवढ्यात मुलीचं कार्ड पाण्यापाशी दिसलं. तक्त्यात तिच्या नावापुढे चिंचोके होते, म्हणून बोलता बोलता मी ते तिकडे हलवलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली. “बघितलंत?” आई म्हणाली आणि तिला घेऊन गेली. मग आया हळूच म्हणाली, “मिस, ते कार्ड तिनंच लावलं होतं.” मी फाटकापर्यंत धावले, पण रिक्षा निघून गेली होती. पुढे तिच्या आईला हे कळवायचा धीर झाला नाही. ती मुलगी वारल्याचं परवा कळलं. तिच्या आईला पत्र लिहायला बसले आहे. सांत्वनाची वाक्यं खोडली आणि पहिल्या ओळीत माझी चूक लिहिली.