उंच माथ्याचे पिस्टन

"भोक पडलं, साहेब," दौलत मिस्त्री म्हणाले आणि पिस्टन माझ्या हातात दिला. बोट आरपार जाईल एवढं भोक. कडा मेणासारख्या वितळलेल्या.

मालक शेजारीच उभे होते. "हे कशानं झालं?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. पिस्टन मीच निवडले होते.

ही १९५०च्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी नागपूरहून डिप्लोमा घेऊन एका लाकूड ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये नुकताच लागलो होतो. त्यांचे ट्रक एटापल्लीकडच्या जंगलातून सागाचे ओंडके बल्लारशाच्या स्टेशनावर आणत. चढावर ते दमायचे. मालकांनी लष्कराच्या लिलावातून एक सुपरचार्जर आणला. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा हा पंखा सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त.

पण सिलिंडरमध्ये पिस्टनही वर येऊन ते मिश्रण दाबतच असतो. या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. आधीच कोंबलेलं मिश्रण फार दाबलं, तर ते तापून भलत्याच वेळी भडकतं. इंजिनात खडखड वाजते, आणि पिस्टन त्या मारानं जातो. त्या काळचं पेट्रोलही हलक्या प्रतीचं, लवकर भडकणारं होतं. म्हणून सुपरचार्जर लावायचा तर कॉम्प्रेशन कमी ठेवून इंजिन बांधावं लागतं.

स्टोअरमध्ये पिस्टनचे दोन सेट होते. एक उंच माथ्याचा, जास्त कॉम्प्रेशनचा. दुसऱ्याचा माथा वाटीसारखा खोलगट, म्हणून कॉम्प्रेशन कमी. मी उंच माथ्याचे काढले. ताकद दोन्हीकडून मिळेल, असा माझा हिशेब.

"साहेब, दोन्हीकडून दाबू नका," दौलतभाऊ म्हणाले. "खोलगटवाले टाका. लढाईच्या टायमाले मी लष्कराच्या वर्कशॉपात होतो. असेच फुटलेले पाह्यले मी."

"पुस्तकात वाचलंय मी," मी म्हणालो. खरं म्हणजे सुपरचार्जरचं प्रकरण मी वाचलंच नव्हतं.

रिकामा ट्रक मूल गावाकडच्या रस्त्यावर असा पळाला की मालक हसले. मग ओंडके भरून आणायला मी स्वतः ड्रायव्हर गणपतबरोबर गेलो. परतताना आलापल्लीच्या अलीकडच्या चढावर आवाज सुरू झाला.

"साहेब, खडखड करून राह्यलं. थांबवू काय?"

"चालव. चढ संपला की थांबेल."

चढ संपायच्या आधी इंजिन थांबलं. निळा धूर निघाला. दुसऱ्या ट्रकनं ओढून आणलं, त्याला दोन दिवस लागले.

आणि आता मालक विचारत होते, हे कशानं झालं.

"टायमिंग पुढं असलं की असं होतं," मी म्हणालो. टायमिंग म्हणजे ठिणगी केव्हा पडायची, ते माप. "टायमिंग दौलतभाऊंनी लावलं होतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्यांनीच लावलं होतं, मी सांगितलेल्या मापानं. मालक त्यांना म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." दौलतभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हात पुसले आणि गेले. मी पिस्टनकडे बघत राहिलो. गणपत आणि वर्कशॉपातले बाकीचे दारात उभे राहून बघत होते.

त्या आठवड्यात मी गुपचूप खोलगट पिस्टन बसवले. तोच ट्रक भरल्या ओझ्यानं तोच चढ सहज चढला. मालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

रविवारी बसनं गोंडपिपरीला गेलो, तिथून चालत दौलतभाऊंच्या गावी. ते धानाच्या बांधीत चिखल ओढत होते.

"खोलगट टाकले. चालतंय," मी म्हणालो.

"चालनच."

"माझं चुकलं, भाऊ."

"हे मले काऊन सांगता? मले तर माहीत आहे." त्यांनी फावडं थांबवलंही नाही. "मालकाले सांगितलं काय?"

"नाही."

"मंग?"

सोमवारी सकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. पिस्टन, न वाचलेलं प्रकरण, चढावर गणपतनं विचारलेलं, सगळं. ते म्हणाले, "हेच बाहेर जाऊन सगळ्यांना सांगा. मी त्याला सगळ्यांसमोर काढलं होतं." मी सांगितलं. मालकांनी दौलतभाऊंना बोलावणं धाडलं, आणि चार दिवसांनी ते कामावर आले.

पुढं मी बरीच इंजिनं बांधली. सुपरचार्जर असेल तर कॉम्प्रेशन आधी उतरवा, हे नव्या लोकांना शिकवलं, आणि ते मला कोणी सांगितलं होतं तेही. दौलतभाऊ माझ्या हाताखाली आणखी सहा वर्षं होते. विचारलं की नेमकं उत्तर द्यायचे. पण आपणहून त्यांनी मला पुन्हा कधीही काही सुचवलं नाही.