रोशनीच्या डायरीतला गुरुवार

आधीच सांगते, या सदरातले गूढ अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून... जेवणानंतर बडीशेप खावी तसे. घरात कुणाला कावीळ झाली की उतरवायला घेऊन निघणाऱ्या लोकांशी भांडून, त्यांना रक्ततपासणीला पाठवणारी मी बाई आहे. 'हा मेसेज दहा जणांना पाठवा' वाले मेसेज मी नणंदेच्या मोबाईलमधून तिच्यासमोर डिलीट करते. त्यामुळे माझ्याच बाबतीत असं काही घडावं, आणि तेही भर दिवसा, स्टाफरूमच्या ट्यूबलाइटखाली... असो. घडलं आहे, तर लिहिते. नावं बदलली आहेत आणि कॉलेजचं नाव कृपया विचारू नका.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. राहायला बोरगाव मेघेला, स्कूटीने वीस मिनिटं. विषय फार्माकॉलॉजी, म्हणजे कोणतं औषध शरीरात जाऊन काय करतं ते. डिप्रेशनवरच्या गोळ्याही त्यातच येतात. तो भाग मी तीन लेक्चरमध्ये उरकते, कारण परीक्षेत तो पाच मार्कांना येतो.

आमच्याकडे प्रत्येक शिक्षकामागे दहा विद्यार्थी लावून दिलेले असतात. आपण त्यांचे 'मेंटॉर'. महिन्यातून एकदा प्रत्येकाला भेटायचं, अभ्यास कसा चालला आहे, झोप लागते का, घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारायचं आणि त्याच्या नावाच्या डायरीत लिहून ठेवायचं. योजना चांगलीच आहे हो. फक्त ती कुणी राबवत नाही. तपासणीची कमिटी येणार अशी कुणकुण लागली की सगळे मेंटॉर स्टाफरूममध्ये ठाण मांडतात आणि पाच महिन्यांच्या भेटी एका बैठकीत होतात. मुलांच्या सह्या आधीच कोऱ्या पानांवर घेऊन ठेवलेल्या असतात. वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं म्हणून पेनं बदलायची. मी चार वापरायचे. याची मला लाज वाटत नव्हती, उलट माझ्या डायऱ्या सगळ्यांत खऱ्या दिसतात याचा थोडा अभिमानच होता.

गेल्या सप्टेंबरातला तो शनिवार होता. कमिटी दहा दिवसांवर आलेली, म्हणजे रात्र थोडी सोंगं फार. मी आणि राऊत सर समोरासमोर बसून लिहीत होतो. सर माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, मनाने चांगले, पण कागद पूर्ण असला की जग पूर्ण आहे असं मानणारे. आमची वाक्यं ठरलेली, आणि तीही इंग्रजीत. विद्यार्थी नियमित आहे, काही अडचण नाही, अजून मेहनत करावी. दहा मुलं, प्रत्येकी पाच भेटी. दुपारी चारपर्यंत मी पन्नास भेटी 'घेऊन' चहा प्यायला गेले.

सोमवारी सकाळी राऊत सरांनी मला टेबलाशी बोलावलं. कमिटीच्या आधी आमची आपली एक तपासणी असते. डायरीतल्या तारखा हजेरीच्या मस्टरशी जुळवून बघतात, कारण रजेच्या दिवशी भेट लिहिली की पकडलं जातं.

"मॅडम, तुमची गडबड झाली न," ते म्हणाले. "गुरुवारी तुम्ही नागपूरले होत्या, सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी. अन् या पोरीची भेट गुरुवारचीच लिहून ठेवली."

मी म्हटलं शक्यच नाही. शनिवारी लिहिताना दोनच दिवसांपूर्वीची रजा मी कशी विसरेन? शेवटची भेट मी सगळ्यांची शुक्रवारची टाकली होती. त्यांनी डायरी माझ्याकडे सरकवली. तिसऱ्या वर्षाची रोशनी. आष्टीची, आई अंगणवाडी सेविका, वडील नाहीत, मुलगी हॉस्टेलला. एवढी माहिती पहिल्या पानावर छापील रकान्यांत होती म्हणून मला कळली. पहिल्या चार नोंदी माझ्या नेहमीच्या. पाचवी मराठीत होती.

'गुरुवार, दुपारी तीन. तीन आठवड्यांपासून झोप नाही. मेसमध्ये जात नाही. आपण नसलो तर सगळ्यांचं सोपं होईल, असं म्हणते. एकटी ठेवू नये. आईला बोलवावं. सोमवारी सकाळी स्वतः जाणे.'

अक्षर माझं. 'एकटी'तला ए मी जरा जास्तच तिरपा काढते, तोही तसाच. पेन माझंच, चारांतलं हिरवट शाईचं. आणि मला त्यातला एक शब्दही लिहिल्याचं आठवत नव्हतं.

"फाडा ते पान," राऊत सर हळूच म्हणाले. "दुसरं चिकटवू. असं लिहिलेलं कमिटीनं पाह्यलं तं नाई नाई ते प्रश्न विचारतीन."

खोटं कशाला बोलू, मी पान धरलंही होतं. मग शेवटची ओळ पुन्हा वाचली. सोमवार म्हणजे आजच. मी डायरी पर्समध्ये टाकली आणि पहिलं लेक्चर सोडून मैदानापलीकडच्या हॉस्टेलकडे निघाले. तिथे जाऊन काय म्हणणार होते, देव जाणे.

रोशनी प्रॅक्टिकलला गेलेली नव्हती. खोलीत एकटीच होती. वेणी घातलेली, धुतलेला ड्रेस, खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली आणि तीवर ती बसलेली. मला बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"अकरा वाजून गेले मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही सकाळी येते म्हणल्या होत्या. म्हणून थांबली मी."

"थांबलीस म्हणजे?"

ती फरशीकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही, मला कळलं होतं. तिच्या शेजारी पलंगावर बसले.

मग मी विचारलं, "गुरुवारी आपण काय काय बोललो गं?"

"तुमाले आठवत नाई?"

"आठवतं. पण तू सांग."

ती सांगत गेली. गुरुवारी तीन वाजता ती माझ्या लॅबमध्ये आली होती, प्रॅक्टिकलच्या वहीवर सही घ्यायला. मी स्टुलावर बसले होते. मी वही बाजूला ठेवली आणि दुसरं स्टूल ओढून तिला बस म्हटलं. "पयल्या वर्षी मी वर्गात दुसरी होती मॅडम. आता एकच पान चार वेळा वाचतो, अक्षरं दिसतात, पण आत काई जात नाई. दोन विषय राह्यले. आईले सांगू कशी? अंगणवाडीतल्या सगळ्या बायांले तिनं पेढे वाटले होते." हे सगळं तिने मला आधीच सांगितलेलं होतं, तिच्या म्हणण्याप्रमाणे. आणि मी ऐकून घेतलं होतं, पाऊण तास.

"मंग तुम्ही तुमचं सांगितलं," ती म्हणाली. "सेकंड इयरचं. तुमाले अंथरुणातून उठनं होत नव्हतं, मैत्रीण हात धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. नऊ महिने गोळ्या घेतल्या. अन् तरी आज तुम्ही आम्हाले शिकवून राह्यल्या."

हे खरं आहे. नागपूरला शिकत असताना मी त्या गोळ्या घेतल्या आहेत, नऊ महिनेच. आईवडिलांना सांगितलं नव्हतं. नवऱ्याला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. सासरी कुणालाच माहीत नाही. ती मैत्रीण आता परदेशात असते. आणि वर्गात त्याच गोळ्यांची नावं फळ्यावर लिहिताना मी कधी चेहऱ्यावर काही दिसू दिलेलं नाही. मग या पोरीला कुणी सांगितलं?

तिच्या आईला फोन लावला. आष्टीहून मिळेल त्या बसने ती माउली तीन वाजेपर्यंत पोचली, अंगणवाडीच्या साडीवरच. मुलीला जवळ घेऊन एकच म्हणत राहिली, "काऊन नाई सांगितलं बाई मले? फोनवर तं रोज म्हणे, मजेत आहो." त्याच दुपारी आम्ही तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी तिला काही दिवस ठेवून घेतलं, औषध सुरू केलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, वेळेत आणलंत. मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पुढचं सगळं मात्र खरोखर मीच केलं, तेवढं श्रेय मला द्या. हजेरी कमी म्हणून वर्ष घालवायला निघालेल्या ऑफिसशी भांडले, मेडिकल सर्टिफिकेट जोडलं. हिवाळी परीक्षेत तिला जमतील तेवढेच पेपर द्यायला लावले, उरलेले उन्हाळ्यात. रोशनी पहिली-दुसरी आली नाही. पास झाली, सगळ्या विषयांत. निकालाच्या दिवशी तिची आई मला म्हणाली, "मॅडम, तुमच्यासारकं लेकराले कोनी विचारत नाई जी." मला तिच्याकडे बघता येईना.

मी चौकशी केली नाही असं नाही. त्या गुरुवारी लॅब कमिटीसाठी साफ करायला उघडलेली होती. आमचे लॅब अटेंडंट, बंडूभाऊ, म्हणाले, "पोरगी स्टुलावर बसून बोलून राह्यली होती. मले वाटलं तुम्ही आहे, म्हणून मी आत नाई आलो." मला पाहिलं का? नाही, दाराआड दिसत नव्हतं. आवाज ऐकला का? त्यांना आठवत नाही. कॉरिडॉरला कॅमेरा आहे, पण तो कमिटी येते तेव्हाच सुरू होतो. मी त्या वेळी नागपूरला दवाखान्याच्या बाकावर सासऱ्यांचा चष्मा हातात धरून बसले होते, शेजारी नवरा होता.

नवरा म्हणतो, तू तिचा चेहरा वर्गात रोज बघत असशील, आतून कळलं असेल, थकव्यात हातून लिहिलं गेलं. तिकडे ती तीन आठवडे झोपलेली नव्हती, तिला भास झाला. दोन्ही मला पटतं. मीच शिकवते, झोप तुटली की माणूस काय काय बघतो ते. पण तिचा भास आणि माझा थकवा यांनी एकच दिवस, एकच वेळ कशी निवडली? आणि माझ्या गोळ्यांचं काय? खूप डोकं लावलं. नाही लागत ताळमेळ.

बाकीच्या नऊ जणांनाही मी एकेक करून विचारलं, आपण कधी भेटलो होतो का रे? सगळे गोंधळले. एक जण म्हणाला, "नाई मॅडम, आम्ही फक्त सह्या केल्या." त्या दिवशी मात्र मला लाज वाटली. आता त्यांना मी दर महिन्याला भेटते. जमतं तसं.

रोशनीला मी आजवर सांगितलेलं नाही की त्या गुरुवारी मी तिथे नव्हते. दोन-तीनदा ओठांवर आलं होतं. मागच्या महिन्यात ती शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दाखवायला आली. जाताना दारात थांबली आणि म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही शेवटी जे म्हणल्या होत्या न, ते मी कोनाले सांगितलं नाई. आईलेबी नाई. जास्त वाईट वाटलं की मी मनात तेच म्हणतो."

मी हसून मान डोलावली. मी काय म्हणाले होते, ते मला माहीत नाही. आणि तिला विचारायची सोय नाही.