वीज जपणाऱ्या वत्सलाअक्का

नव्वदच्या दशकात मी हुबळीच्या एका रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून लागलो. पहिल्याच सकाळी सगळे दिवे, यंत्रं, एसी सुरू करून मी ऐटीत बसलो होतो. तेवढ्यात विभागाच्या मुख्य परिचारिका वत्सलाअक्का कदम दारात आल्या.

"अण्णा, सोनोग्राफीच्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही, अक्का."

"मग हा गारवा कुणासाठी?"

आम्ही दोघंही हसलो. मग कोणतं यंत्र बंद ठेवलं तर चालतं आणि कोणतं मुळीच बंद करायचं नाही, हे त्यांनी माझ्याकडून नीट समजून घेतलं.

अक्का रुग्णांना आदल्या दिवशीच कन्नड-मराठीत सांगत, उपाशी यायचं की पाणी पिऊन. त्यामुळे तपासणी पुन्हा करावी लागत नसे. रुग्णांच्या वेळाही त्या सलग लावत. मग यंत्र ताटकळत चालू राहत नसे. बाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना थंडी वाजली की तिथला एसी बंद करून खिडक्या उघडत आणि स्वतःची शाल त्यांच्या अंगावर घालत.

एका उन्हाळ्यात भर दुपारी वीज गेली असताना अळणावरकडची ट्रॅक्टरवरून पडलेली एक मुलगी आली. डोक्याला मार होता, शुद्ध हरपत होती. जनरेटरवर सगळा विभाग चालू होता. त्यावर सीटी स्कॅन लावला की जनरेटर बंद पडे.

"डॉक्टर, सोनोग्राफी थोडा वेळ थांबवू का?" अक्कांनी सोनोग्राफीच्या डॉक्टरांना विचारलं.

"थांबवा, लगेच!"

त्यांच्या परिचारिका दिवे, एसी, यंत्रं बंद करत खोल्याखोल्यांत धावल्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही, ती त्यांची रोजची सवय होती. सीटीच्या खोलीचा एसी तेवढा राहिला. मी बटण दाबलं. जनरेटर कुरकुरला, पण टिकला.

"आतु, अक्का! झालं!" मी ओरडलो.

मेंदूतला रक्तस्राव दिसला, तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि मुलगी वाचली. पुढे तिच्या लग्नाला अक्का आम्हा सगळ्यांना टेम्पोत घालून घेऊन गेल्या. पंगतीत मुलीच्या वडिलांनी अक्कांना स्वतः पुरणपोळ्या वाढल्या. "अक्कार, आणखी एक होळिगे!" ते म्हणत राहिले आणि अक्का नाही म्हणू शकल्या नाहीत.

आज अक्का साठ वर्षांच्या झाल्या. मळमड्डीच्या त्यांच्या घरी नव्या परिचारिका शिकायला येतात, चहा पिऊन, हसत परत जातात. अक्का, तुमचे गुडघे मजबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि शंभरीच्या पंगतीत आम्हाला वाढायला तुम्हीच उभ्या असा.